बानाबाईची उकळी

बानाबाईच्या हाताला गुण होता. ही गोष्ट तिच्या सवतीनंसुद्धा कबूल केली असती, पण तिला सवत नव्हती; नवऱ्याला, मल्हारीला, ही एकच झेपता झेपत नव्हती. पिशोरच्या पलीकडं डोंगराच्या कडेला त्यांची धनगरांची चार घरं. कुणाची मेंढी विताना मेली, कोकरू पोरकं झालं, की ते थेट बानाबाईच्या ओटीत. ती धुडक्याचा बोळा करायची, शेळीच्या कोमट दुधात बुडवायची आणि कोकराच्या ओठाला लावून बसायची. बाकीच्या बाया म्हणायच्या, सोड गं, हे काय जगत नसतं. ही उलटून बोलायची नाही, उठायचीही नाही. दुसऱ्या दिवशी कोकरू चार पायांवर उभं राहून तिचंच लुगडं चघळत असायचं.

माणसांच्या लेकरांचंही तेच. बाळंतिणीला दूध उतरलं नाही की बोलवा बानाबाईला. लेकरू दूध टाकतंय, बोलवा बानाबाईला. त्या चार घरांत मिशा फुटलेले असे गडी होते, ज्यांच्या तोंडात पहिला थेंब तिनं घातला होता, आणि ती हे त्यांच्या बायकांसमोर सांगायला कमी करायची नाही. का करावी? शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईला जगात एक गोष्ट सगळ्यांपेक्षा बरी येत असेल, तर तिनं ती मिरवू नये काय?

दुधाच्या बाबतीत तिचा एक हट्ट मात्र होता. थांबलेलं दूध ती लेकराला द्यायची नाही. धार काढली, तापवलं, पाजलं, तर ठीक. पण जरा म्हणून ते भांड्यात बसून राहिलं, की पुन्हा चुलीवर. चांगलं वर येईस्तोवर उकळी, मग निववायचं, मग पाजायचं. हे तिच्या आईचं शिकवणं. बानाबाई परकरात होती तेव्हा त्यांची मेंढरं गोदावरीच्या काठाला चरायला उतरली होती. तिथल्या माळावर तिचा धाकटा भाऊ कचरू झाडाखाली ठेवलेलं सकाळचं दूध दुपारी प्याला आणि हगवणीनं गेला. त्याला तिथंच मातीआड करून मेंढरं पुढं निघाली. मेंढरं कुणासाठी थांबत नाहीत. चालता चालता आईनं बानाबाईचा दंड धरला आणि म्हणाली, "थांबल्यालं दूध आधी इस्तवाला दाखवायचं, मग लेकराला. कदी चुकायचं नाय." आणि बाई काही खोटं सांगत नव्हती. उन्हाळ्यात माळावर थांबलेलं दूध म्हणजे विषच. बानाबाईनं ती उकळी जन्मात चुकवली नाही, आणि तिच्या हातचं लेकरू कधी दगावलं नाही.

मग बारा-तेरा सालचा दुष्काळ आला. सरकारनं छावण्या काढल्या, पण त्या गाई-बैलांच्या. मेंढरांना दावणीला कोण उभं करतं? मल्हारीनं अर्धी मेंढरं खाटकाला दिली, अर्धी मिळेल त्याला दिली, आणि बायको-पोराला घेऊन शहर गाठलं. तेव्हा पाट्यांवर औरंगाबाद होतं, आता संभाजीनगर आहे. पाणी दोन्ही नावांना येत नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं, शहराला चिकटलेल्या सातारा गावच्या खंडोबाच्या अंगाला त्यांनी पत्र्याची खोली धरली. देवाच्या पायाशी हाय, उपाशी मरू देणार नाय, असं मल्हारी म्हणाला. देवानं तेवढं केलं. त्या वर्षांत तिकडं शहर असं सुटलं होतं की काल ज्वारीचं धसकट होतं तिथं आज लिफ्टचा खड्डा. मल्हारी एका बिल्डिंगवर राखणीला लागला. ती पुरी झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस, आता सिमेंटच्या गोण्या राखायचा. "हे बरं हाय," म्हणायचा, "गोन्या रातच्याला कुनाच्या शेतात घुसत नाहीत."

पोरगा भारत हाताशी आला आणि टँकरवर बसला. आता ह्याच्यापरीस दुसरा धंदा त्या भागात चालणार तरी कुठला? पाच-पाच मजली बिल्डिंगा, कमानी, नावं बघावीत तर एकेकीला राजवाड्याची, आणि नळाला फुंकर मारली तर वारा. सगळा सातारा, सगळी देवळाई टँकरवर जगायची. भारत लांबच्या विहिरींवरून पाणी भरायचा आणि दारोदार रिचवायचा. त्याचं लग्न झालं. सुकेशनी नावाची पोरगी आली, हसरी, जरा तोंडाळ, पण कामाला वाघ. ती चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला जायची. आणि अठरा सालच्या दिवाळीनंतर तिला मुलगी झाली, सृष्टी.

त्या पोरीनं बानाबाईला परत जिवंत केलं म्हणा ना. पत्र्याच्या खोलीत बसून बसून बाई विटली होती. राखायला मेंढरू नाही, पाजायला कोकरू नाही, बोलायला धड माणूस नाही. शेजारच्या बिल्डिंगीतल्या बाया तिला बघितलं की पायरीवरून पाय मागं घ्यायच्या. आणि आता ही मुठीएवढी नात आली, नाकावर राग, केस मेंढीच्या पिलासारखे दाट. बानाबाई तिला 'माझी कोकरी' म्हणायची. सुकेशनीची सुट्टी संपली आणि ती कंपनीत परत जायला निघाली, तेव्हा तिचा पाय उंबऱ्यातून निघेना.

"आत्याबाई, माझं काळीज इथंच राहतंय बगा," ती म्हणाली.

"राहू दे की. मी सांभाळते तेबी," बानाबाई म्हणाली. "जा तू. आजवर माझ्या हातचं एक लेकरू गेलं नाय."

सुकेशनी सकाळी पाजून जायची, संध्याकाळी येऊन पाजायची. दिवसा डब्याचं दूध. भुकटीतून दूध होतं ह्यावर बानाबाईचा पहिले पहिले विश्वास नव्हता; "ही काय रांगोळी हाय का गं?" म्हणाली. पण पोरगी प्यायली, रुजली, गालांना रंग चढला.

एकोणीस सालचा उन्हाळा. त्या उन्हाळ्याचं काय सांगावं! जायकवाडीच्या धरणात आत आत गाळ उघडा पडलेला, विहिरींना तळ दिसायला लागलेला, आणि त्या तळाशी टँकरांच्या रांगा. एका दिवशी भारतची नेहमीची विहीर आटली. दुसरीकडं रांग. तिसरीकडं भरलं ते पाणी जरा गढूळ होतं, जरा वास होता. गिऱ्हाइकं बोंबलत होती, मालक फोनवर शिव्या देत होता. भारतनं भरलं आणि ओतलं. घरच्या ड्रममध्येही त्याच टँकरचं दोन बादल्या पाणी सोडलं. त्या ड्रमच्या पाण्यानं सृष्टीची वाटी-चमचा धुतला गेला असेल, नाही तर दुसरंच काही झालं असेल. त्या आठवड्यात आख्ख्या गल्लीची पोटं बिघडली होती. नक्की कोण सांगणार?

सृष्टीला जुलाब लागले. ताप आला. मीठ-साखरेचं पाणी, सरकारी पुड्या, सगळं केलं. ताप गेला, ओकारी गेली, पण जुलाब काही हटेनात. दूध पोटात गेलं की पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, आत गुडगुड वाजायचं, पोरगी पाय पोटाशी घेऊन किंचाळायची, आणि मग फेसाळ, आंबूस वासाचं पाणी. ढुंगण सोलून लाल झालं. बानाबाईनं ओवा शेकला, हिंग लावला, दृष्ट काढली. काही उपयोग नाही.

मग गारखेड्यात एका लेकरांच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता, आणि बाहेर बाकड्यांवर बसायला जागा नव्हती इतकी लेकरं. त्यानं पोट वाजवून बघितलं, लंगोट बघितला.

"आजी, हिच्या आतड्याला दूध पचवणारा एक रस असतो. जुलाबानं तो खरवडून गेलाय. त्यामुळं दुधातली साखर पचत नाही, ती आत आंबते. घाबरू नका, तो रस परत येतो. तोवर आपण बाहेरून देऊ."

अशा लेकरांसाठी ती साखर नसलेला डबाही मिळतो, असं त्यानं सांगितलं, आणि सुकेशनीला म्हणाला, अंगावरचं पाजणं बंद करू नका. तो डबा मेडिकलवाल्यानं मागवून देतो म्हणून नुसती तोंडाला पानं पुसली. म्हणून मग थेंब आले. एक इवलीशी बाटली.

"ह्या थेंबांत तोच रस आहे," डॉक्टर म्हणाला. "दूध बनवायचं, कोमट झालं की त्यात थेंब टाकायचे, झाकून पाच मिनिटं ठेवायचं, मग पाजायचं. आणि ही पुडी. ह्यात चांगले जंतू आहेत."

बानाबाईनं मान वर केली. "जंतू? लेकराला जंतू पाजता व्हय डाक्टर?"

डॉक्टर हसला. "आजी, दह्यात असतात तसेच. विरजण समजा. पोटाला लावायचं विरजण. गरम पाण्यात टाकू नका म्हणजे झालं."

"इरजन!" बानाबाई खूश झाली. "तसं सांगा की मग. इरजन गरमात घालतंय कोन? येडी हाये का मी?"

सगळे हसले. बाहेर पुढचं लेकरू रडत होतं. डॉक्टरनं घंटी वाजवली.

आता इथं बघा कसं झालं. पुडीचं त्यानं विरजण म्हणून सांगितलं, ते बानाबाईच्या डोक्यात पक्कं बसलं. पुडी ती गार पाण्यात कालवायची, बोटानं अंदाज घेऊन. एकदाही चुकली नाही. पण थेंब हे तिच्या लेखी औषध. औषधाला काय होतंय? आणि डॉक्टर काय म्हणाला होता? दूध बनवा, थेंब टाका, झाकून ठेवा. म्हणजे दूध थांबणार. थांबलेलं दूध लेकराला द्यायचं तर आधी काय करायचं, हे डॉक्टरनं सांगितलं नाही. ते काय सांगायची गोष्ट असते? जेवायच्या आधी हात धू, हे पाहुण्याला कुणी सांगतं का?

बानाबाईनं तसंच केलं. दूध बनवलं. थेंब टाकले, मोजून, एकेक. ताटलीनं झाकलं. बसून राहिली. मग पातेलं गॅसवर ठेवलं आणि चांगलं वर येईस्तोवर उकळलं. मग वाटीत ओतून, फुंकून, निववून, चमच्या-चमच्यानं पोरीला पाजलं.

अरे देवा! आणि रोज. सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी. ती आळशी असती, विसरभोळी असती, तर पोरगी वाचली असती. पण ती बाई विसरणाऱ्यातली नव्हती.

जुलाब थांबेनात. डॉक्टरनं थेंब वाढवले. बानाबाईनं वाढवलेले थेंब उकळले. पोरीचे गाल गेले, टाळू खोल गेली, मांडीची कातडी सैल झाली. सुकेशनी कंपनीतून आली की आधी लंगोटांच्या दोरीकडं बघायची. दोरी भरलेली असली की तिचा चेहरा उतरायचा.

"आत्याबाई, औषध बरोबर देता ना?" एकदा तिनं विचारलं.

बानाबाईला ते लागलं. "माझ्या हातावर शंका घेती व्हय गं? ये, उद्याच्याला तूच बस घरी."

"तसं नाय म्हनत मी."

"मग कसं म्हनती?"

सुकेशनी दोरीवरचे लंगोट काढायला लागली. घरी बसणं तिला कुठलं परवडायला? ठेकेदारानं आधीच सांगितलं होतं, आणखी सुट्टी घेतली तर नाव कमी. आणि शंका तरी कशाची घ्यायची? सासू पोरीला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. स्वतःच्या भाकरीचं तिला भान नव्हतं. खोटं कशाला बोला, अशी सेवा पोटच्या आईनंही केली नसती.

शेवटी पोरीनं डोळे फिरवले तेव्हा तिला घाटीत, मोठ्या सरकारी दवाखान्यात, भरती केलं. सलाईन लागलं. लेकराजवळ एकाच बाईला थांबता यायचं, म्हणून सुकेशनी आत आणि बानाबाई बाहेर व्हरांड्यात. दूध सिस्टर बनवायची, थेंबही तीच टाकायची. आणि काय सांगावं, आठवड्याच्या आत पोरगी हसली! पोट बसलं, जुलाब आवरले, पाजताना चमचा ओढायला लागली. भारत पेढे घेऊन आला. बानाबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि खंडोबाला बोलली की पोरीचं जावळ तुझ्याच पायाशी काढीन.

पोरगी घरी आली. सुकेशनी कामावर गेली. बानाबाईनं पुन्हा पातेलं चढवलं.

चार दिवसांत पोरगी होती तिथं. नाही, त्याच्याही खाली. घरात सगळ्यांच्या मनात एकच आलं. दवाखान्यात बरी होते आणि इथं बिघडते, म्हणजे इथलंच काही तरी तिला बाधतंय. आणि इथलं म्हणजे काय? पाणी. सुकेशनीनं ते बोलूनच दाखवलं. भारत अंगणात तोंड धूत होता.

"तुमच्या टँकरचं पानी हाय हे," ती म्हणाली. "गटारीचं पानी आनून पाजलं तुमी माझ्या लेकीला."

भारतनं हातातला तांब्या तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवसापासून तो बाटलीबंद पाण्याचे जार आणू लागला, खांद्यावर घेऊन. बानाबाईनं त्या पाण्यातही दूध बनवलं, थेंब टाकले, थांबवलं, उकळलं. पोरगी वाळत गेली.

दुसऱ्यांदा भरती केलं तेव्हा तिला रडायलाही जोर नव्हता. छातीत कफ झाला होता. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत, आम्ही करतोय, पण पोरगी फार अशक्त आहे. सुकेशनी किती तरी दिवसांची जागी. सकाळी ती व्हरांड्यातच भिंतीला टेकून झोपी गेली, म्हणून बानाबाई आत जाऊन खाटेजवळ बसली. पहिल्यांदाच.

सिस्टरनं वाटीत दूध बनवलं. थेंब टाकले. झाकून ठेवलं. बानाबाई बघत होती. अगदी आपण करतो तसंच, तिला बरं वाटलं. थोड्या वेळानं सिस्टरनं झाकण काढलं आणि दूध नळीनं द्यायला उचललं.

"ओ बाई," बानाबाई म्हणाली, "उकळायचं राह्यलं की."

"काय उकळायचं आजी?"

"दूध. थांबलंय ना ते."

"आजी, पाणी उकळून गार केलेलंच घेतलंय मी."

"ते झालं गं. पर थेंब टाकून थांबलंय ना? आता उकळी नको का?"

सिस्टर थांबली. वाटी तशीच हातात. "घरी तुम्ही थेंब टाकल्यावर उकळत होता?"

"व्हय," बानाबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात अजूनही तोच ताठा होता. "रोज. एक डाव चुकवली नाय."

सिस्टर साधीशीच बाई होती, केजकडची. तिनं आधी दूध दिलं, नळी बंद केली, मग स्टूल ओढून बानाबाईच्या समोर बसली. हळू बोलली. "आजी, ते थेंब उकळले की मरतात. त्यांचं खरं काम पोटात गेल्यावर असतं, ते मग होतच नाही. उकळत्या दुधात विरजण घातलं तर दही लागतं का?"

"नाय लागत."

"तसंच आहे हे."

बानाबाईनं रिकामी वाटी उचलून आत बघितलं. मग म्हणाली, "मग तसं सांगायचं व्हतं की गं माय कुनी तरी. इरजन तर कळतं मला." आणि पुन्हा, "इरजन कळतं गं मला."

सिस्टरनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बानाबाईला तो हात नको होता. तिला उठून कुठं तरी जायचं होतं, पण जायचं कुठं? ज्या खाटेपासून पळायचं, त्याच खाटेवर तिची कोकरी होती. ती वाकली आणि पोरीच्या कानाशी म्हणाली, "मीच गं, मीच." पोरीनं डोळे उघडले नाहीत. बानाबाईला वाटलं, आपण इथंच, ह्या लादीवर मरावं, आणि देवानं हा सौदा घ्यावा. देवानं घेतला नाही.

त्याच दिवशी, दुपार कलताना सृष्टी गेली.

नंतरचं काय सांगायचं. माती झाली. पिशोरकडून भावकी आली. बाया गळ्यात पडून रडल्या आणि एकमेकींना सांगत राहिल्या, बानाबाईनं लई केलं हो लेकरासाठी, जिवाचं रान केलं. प्रत्येक वेळी बानाबाई कानांवर हात ठेवायची. लोकांना वाटलं, दुःखानं करतेय. मल्हारीला तिनं सांगून बघितलं. त्यानं सगळं ऐकलं, तंबाखूची गोळी गालात सरकवली आणि म्हणाला, "तुला भरमलंय. झोप जराशी." बायका-माणसांचं दुधातलं काही त्याला कळत नव्हतं, कळून घ्यायचंही नव्हतं.

घर मात्र मोडायला लागलं. भारतनं टँकरची चावी मालकाच्या टेबलावर ठेवली आणि येऊन जो ड्रमवर बसला तो बसलाच. जेवायला वाढलं तर ताटाकडं बघायचा नाही. "माझ्या पान्यानं गेली," एवढंच. सुकेशनी त्याच्या सावलीत उभी राहत नव्हती. दहावं झालं, तेरावं झालं, आणि तिनं पिशवी भरायला घेतली. भाऊ रिक्षा घेऊन येणार होता. ती परत येणार नाही, हे घरातल्या पत्र्यालाही कळत होतं.

बानाबाईनं ते बघितलं आणि तिच्या मनानं घेतलं की आता आपण नाही बोललो तर नात तर गेलीच, पोरगाही जाईल. सून गेली की भारत फास लावून घेईल नाही तर दारूत बुडेल, तिसरं काही नाही. आणि तो ज्या पापासाठी मरेल ते त्याचं नाही, आपलं आहे. ती उठली. सुकेशनीच्या हातातली पिशवी धरली, भारतला हाक मारली, दोघांना समोर बसवलं.

"ऐका," ती म्हणाली. "पोरगी ह्याच्या पान्यानं नाय गेली. माझ्या हातानं गेली. थेंब टाकून मी दूध उकळत व्हते. उकळलं की त्या थेंबांचा जीव जातो. मला ठावं नव्हतं. दवाखान्यात सिस्टर उकळत नव्हती, म्हनून तिथं बरी व्हायची. घरी मी उकळायचे, म्हनून घरी मरायला लागली. मी मारली तिला. आता जे करायचं ते मला करा, पर एकमेकाला सोडू नका."

तिनं हे एका दमात म्हटलं. कितीदा तरी मनात घोळवून ठेवलं होतं. आता ती वाट बघू लागली. सून केस धरून ओढेल, पोरगा तोंड फिरवेल. जे होईल ते होऊ दे, निदान काही तरी होईल.

भारत उठला, तिच्याजवळ येऊन बसला आणि लहान पोरासारखं डोकं तिच्या मांडीवर ठेवून रडू लागला. "माय," तो म्हणाला, "मला वाचवायला सोताच्या अंगावर घेती व्हय? नको घेऊ गं. नको घेऊ."

"आरं खरं सांगते मी! सिस्टरला विचार!"

"काय विचारू," तो म्हणाला. "उकळल्यालं दूध पिऊन कुनी मरतं व्हय? आख्खी दुनिया उकळूनच पाजती लेकराला."

बानाबाईनं सुकेशनीकडं बघितलं. सून शिकलेली होती, तिला तरी पटेल. "तू तरी आईक गं. तू बग, दवाखान्यात..."

सुकेशनीचे डोळे भरून आले होते, पण चेहरा घट्ट होता. बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तिनं पिशवी सोडवून घेतली. "आत्याबाई," ती म्हणाली, "ह्यांना पाठीशी घालायला इतकं खोटं बोलू नका. तुमच्याएवढं माझ्या लेकीचं कुनी केलं नाय. मी डोळ्यांनी बगितलंय. तुमच्या हातानं लेकरू जाईल व्हय कदी?"

तिनं वाकून बानाबाईच्या पायाला हात लावला, भारतकडं न बघता उंबरा ओलांडला आणि रिक्षात जाऊन बसली.